चम्मकार विधिकाचा पूर्णघट : अमरावतीच्या शिल्पावशेषांतील एक नाव

मागील वर्षावासात आमच्या पाली वर्गात आम्ही शिलालेखांची भाषा शिकवीत होतो. ग्रंथातील पाली आणि दगडावरील प्राकृत यांत किती जवळीक आहे हे दाखविण्यासाठी आंध्र प्रदेशातील अमरावतीच्या महाचैत्यावरील एक दानलेख आम्ही फळ्यावर लिहिला. लेख लहान आहे. आरंभी ‘सिद्धं’ हा मंगलशब्द, आणि पुढे आशय असा : चम्मकार विधिक, नाग उपाध्यायाचा पुत्र, याचे आपल्या मातेसह, भार्येसह, भावांसह, पुत्र नाग याच्यासह, कन्यांसह, तसेच ज्ञाती, मित्र व बांधव यांच्यासह दिलेले हे देयधर्म, पूर्णघटाचा शिल्पपट्ट. चम्मकार म्हणजे चर्मकार, कातड्याचे काम करणारा, हे सांगण्याची कोणास गरज पडली नाही. वर्गात क्षणभर शांतता पसरली. मग मागे बसलेले एक प्रौढ उपासक उठले. त्यांच्या वडिलांचा जन्म चपला शिवण्यात गेला हे आम्हांस ठाऊक होते. त्यांनी विचारले, “सर, हा शब्द त्याने आपण होऊन कोरविला, की त्याच्याकडून कोरवून घेतला?”

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर आम्हांस तेथल्या तेथे देता आले नाही. प्रस्तुत लेख हे त्याच उत्तराचे निमित्त आहे.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. ही अमरावती वऱ्हाडातील नव्हे. कृष्णा नदीच्या दक्षिण तीरावर, आजच्या पालनाडू जिल्ह्यात, प्राचीन धान्यकटकाच्या शेजारी हे गाव आहे. येथील महाचैत्याच्या अंडाचा व्यास सुमारे ५० मीटर होता. भोवती कोरीव वेदिका, चारही दिशांना पुढे आलेले चौथरे आणि त्या प्रत्येकावर पाच पाच आयक स्तंभ. मौर्यकाळापासून येथे धम्माचा वावर होता. सातवाहनांच्या काळात, विशेषतः इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत, या स्तूपाला त्याचे वैभवशाली रूप प्राप्त झाले. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात आणि कार्ल्यात ज्याचे नाव आपण वाचतो, तोच वासिट्ठिपुत्त पुळुमावी राजा अमरावतीच्या एका लेखातही भेटतो. त्याच्या काळात एका गहपतीच्या कुटुंबाने महाचैत्याच्या पश्चिम द्वारी धम्मचक्क स्थापन केले, असे तो लेख सांगतो. तेव्हा सह्याद्रीतील लेणी आणि कृष्णातीरावरील हा स्तूप ही एकाच कालखंडाची, आणि बऱ्याच अंशी एकाच समाजाची निर्मिती होय. भेद इतकाच की कार्ल्याचा खडक कोणास उचलून नेता आला नाही.

अमरावतीचा स्तूप ज्या दगडात बांधला होता तो पालनाडचा चुनखडक. हिरवट-पांढरा, मऊ, छिन्नीला वश होणारा. जुने इंग्रज लेखक त्यास संगमरवर म्हणत, पण तो संगमरवर नव्हे. याच गुणामुळे तेथील शिल्पकारांना एवढी नाजूक कामे साधली आणि याच गुणामुळे स्तूपाचा घात झाला. चुनखडक भट्टीत घातला की त्याचा चुना होतो. किती जातककथा, किती दात्यांची नावे अशा रीतीने भिंतींच्या गिलाव्यात गेली असतील!

हा नाश फार प्राचीन काळचा नाही, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. धान्यकटकाची ख्याती बाराव्या-तेराव्या शतकापर्यंत जिवंत होती. ११८२ साली कोट घराण्यातील केत राजाने येथील बुद्धासाठी गावे व अखंड दीप दान दिल्याचा लेख उपलब्ध आहे. मौज अशी की तो अमरेश्वराच्या शिवमंदिरातील स्तंभावर आहे. १३४४ च्या सुमारास सिंहलद्वीपातील धर्मकीर्ती नावाच्या स्थविराने धान्यकटकाच्या एका प्रतिमागृहाचा जीर्णोद्धार केला, असे तेथील गडलादेणिय विहाराचा शिलालेख सांगतो. त्यानंतर काळोख. स्तूपावर माती साचली, झाडोरा माजला आणि लोक त्या टेकाडास ‘दीपालदिन्ने’, म्हणजे दिव्यांची टेकडी, म्हणू लागले. नावात स्मृती शिल्लक राहिली. कोणाची ते मात्र विसरले गेले.

१७९६ च्या सुमारास वासिरेड्डी वेंकटाद्री नायडू या जमीनदाराने आपले ठाणे चिंतापल्लीहून येथे हलविले आणि नवे नगर वसविण्यास घेतले. बांधकामासाठी दगड हवा होता व तो टेकडीत आयता मिळाला. या गृहस्थास बौद्धद्वेष्टा म्हणण्यास आधार नाही. त्याला हे कोणाचे आहे हेच माहीत नव्हते. धम्म विस्मृतीत गेला की त्याच्या वास्तूंचा शत्रू व्हावयास द्वेषाची गरज उरत नाही, अज्ञान पुरते. १७९७ मध्ये कर्नल कॉलिन मॅकेंझी यांनी ही जागा प्रथम पाहिली; १८१६ मध्ये ते आपल्या चित्रकारांसह परत आले, तोवर टेकडीचा मध्यभाग खणून तेथे तळे करण्यात आले होते. शिल्पपट्ट पायऱ्यांना आणि देवळांना लागले होते. मॅकेंझी यांच्या माणसांनी काळजीपूर्वक काढलेली चित्रे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांतील काही शिल्पांचे आता केवळ तेवढे चित्रच उरले आहे.

पुढील इतिहास दगडांच्या प्रवासाचा आहे. काही पट्ट कलकत्त्यास गेले, काही मछलीपट्टणच्या चौकात शोभेसाठी उभे करण्यात आले. १८४५ मध्ये वॉल्टर एलियट यांनी खोदकाम करून पुष्कळ शिल्पे मद्रासला पाठविली. तेथे ती काही वर्षे उघड्यावर उन्हापावसात पडून होती. १८५९ मध्ये त्यांतील १२१ दगड जहाजाने लंडनला रवाना झाले, आणि तिकडेही त्यांच्या वाट्यास प्रथम गोदाम आणि तबेलाच आला. १८६७ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी छायाचित्रे शोधीत असताना जेम्स फर्ग्युसन यांच्या ते दृष्टीस पडले. पुढल्याच वर्षी त्यांनी त्यांवर भला मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यास नाव दिले वृक्ष आणि सर्प यांच्या पूजेचे! बोधिवृक्षाखालचे रिकामे आसन आणि स्तूपाभोवती वेटोळे घातलेला नाग पाहून त्या विद्वानास आदिम वृक्षपूजेची आठवण व्हावी, यात त्यांचा दोष थोडा आणि काळाचा अधिक. तथागताच्या अनुपस्थितीतच त्याची उपस्थिती दाखविण्याची ही शैली समजून घेण्यास पाली वाङ्मयाचा आधार लागतो आणि तो त्या काळी युरोपात नुकता कोठे उपलब्ध होऊ लागला होता. १८८० मध्ये हे दगड ब्रिटिश म्युझियममध्ये आले व १९९२ पासून तेथे त्यांचे स्वतंत्र दालन आहे.

मागे जे उरले त्याचीही गत फार निराळी नव्हती. १८७७ मध्ये रॉबर्ट सेवेल यांनी खोदले. १८८० मध्ये मद्रासच्या गव्हर्नरांच्या आज्ञेने सारी जागा सरसकट उकरण्यात आली आणि कोणता दगड कोठे, कोणत्या क्रमाने सापडला याची नोंद झाली नाही. १८८१-८२ मध्ये जेम्स बर्जेस पोहोचले. पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्याबरोबर आपल्या पश्चिम भारतातील लेण्यांचे लेख प्रसिद्ध करणारे तेच हे बर्जेस. त्यांनी निवडक शिल्पे मद्रासला हलविण्याचा आग्रह धरला. त्याच वेळी प्राचीन वास्तूंच्या जतनाचे काम पाहणारे एच. एच. कोल यांनी विरुद्ध मत मांडले : दगड जागच्या जागी राखावेत आणि संग्रहालयांनी त्यांच्या प्रतिकृतींवर समाधान मानावे. विजय बर्जेस यांचा झाला. आज आपण तत्त्वतः कोल यांच्याच बाजूने उभे राहू. परंतु ज्या गावात चुन्याची भट्टी हाताशी होती तेथे ते दगड ठेवले असते, तर आज विधिकाचा लेख वाचावयास मिळाला असता काय, हा प्रश्न आम्हांस स्वस्थ बसू देत नाही. दोन्ही बाजूंना काही देणे आहे. मद्रासला नेलेली शिल्पेही पुढे संग्रहालयाच्या भिंतींत सिमेंटने बसविण्यात आली, आणि त्या सिमेंटमधील क्षारांनी दगड आतून पोखरण्यास आरंभ केला. त्यांना भिंतीतून सोडविण्याचे काम अलीकडच्या दशकांतील संरक्षकांना करावे लागले.

या शिल्पांच्या कलागुणांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. चेन्नईच्या शासकीय संग्रहालयातील नालागिरीचे वर्तुळशिल्प ज्याने पाहिले आहे त्यास अधिक सांगावयास नको. एकाच चौकटीत हत्ती दोनदा येतो. एकदा माणसे तुडवीत धावणारा, एकदा तथागतापुढे गुडघे टेकलेला. वरच्या खिडक्यांतून माणसे भयाने पाहत आहेत. लंडनमधील एक पट्ट तर दोन्ही बाजूंनी कोरलेला आहे. मागील बाजूस इसवी सनापूर्वीचे, रिकाम्या आसनास वंदन करणारे उपासक. पुढे, काही शतकांनी कोरलेला, सर्वांगाने नटलेला स्तूप. जुना पट्ट फिरवून त्याची पाठ कोरावी, हे बौद्धांनी स्वतःच केले होते. म्हणजे दगडाचा पुनरुपयोग हा प्रत्येक वेळी विध्वंसच असतो असे नव्हे.

आम्हांस मात्र शिल्पाच्या कडेला, कित्येकदा नक्षीच्या खाली, एकदोन ओळींत दाटीवाटीने बसविलेली अक्षरे अधिक खुणावतात. संग्रहालयात सामान्यतः प्रेक्षक शिल्पासमोर उभा राहतो, खालची पाटी वाचतो : चुनखडक, दुसरे शतक, अमरावती शैली. क्वचित राजवंशाचे नाव असते. ज्याने पदरचे द्रव्य घालून तो पट्ट करविला त्याचे नाव दगडावर असते, पाटीवर असतेच असे नाही. आणि अमरावतीचे लेख वाचू लागावे तर राजांची नावे बोटांवर मोजण्याइतकी सापडतात. बाकी सारे गहपती, वाणी, गंधिक, सेनागोप, उपासिका, भिक्खू आणि भिक्खुणी. बुद्धरक्खिता नावाची एक भिक्खुणी आपल्या गुरूचे, स्थविर बुद्धरक्खिताचे, नाव सांगते. हा स्थविर स्तूपाच्या नवकर्माचा, म्हणजे बांधकामाचा, अधिकारी होता. ती दान देते ते आपल्या मुलीसह, आणि धम्मदिन्ना व सङ्घरक्खिता ही नावेही सोबत येतात. घर सोडून गेलेली स्त्री आपल्या लेकीचे नाव दगडावर आणते, यावर विनयाच्या अभ्यासकाने काय म्हणावे? आम्ही तरी तो लेख वाचून काही वेळ पुस्तक मिटून ठेवले होते.

या मेळ्यात विधिक उभा आहे. आता त्या उपासकांच्या प्रश्नाकडे वळू.

दानलेखांचा एक साचा असे. दाता कोणाचा कोण, कोठला, काय करणारा, कोणासह देतो आणि काय देतो, या क्रमाने मजकूर जाई. परंतु साच्यातील प्रत्येक जागा भरलीच पाहिजे असा दंडक नव्हता. कित्येक दाते केवळ गावाचे नाव सांगतात, कित्येक केवळ पित्याचे. कित्येक स्त्रिया ‘अमक्याची माता’ एवढीच ओळख देतात. व्यवसाय न सांगणारे दाते पुष्कळ आहेत. तेव्हा विधिकास तो शब्द गाळावयाचा असता तर गाळता आला असता, ‘नागाचा पुत्र विधिक’ एवढे पुरले असते. कोणी बळजबरीने त्यास वेगळे काढले असते तर त्याची खूण लेखाच्या घडणीत कोठे तरी उमटली असती. तशी ती नाही. आरंभीचा ‘सिद्धं’ तोच, ‘देयधर्म’ तोच, आप्तेष्टांची यादी तीच. जी एखाद्या गहपतीच्या लेखात असते तीच. लेखाच्या शब्दांत ‘चम्मकार’ ज्या जागी आहे त्या जागी दुसऱ्याच्या लेखात ‘गहपती’ असते.

आपल्या लेण्यांतही हेच दिसते. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागात धेनुकाकटाचा सामी नावाचा वड्ढकी, म्हणजे सुतार, आपले काम व नाव सांगतो. तेथेच सिंहदत्त गंधिकाचेही नाव आहे. कान्हेरीस कल्याणचा नंद लोहार भेटतो. कुडा येथे माळी आहेत. जुन्नरला कासारांच्या आणि बांबूचे काम करणाऱ्यांच्या श्रेणी आहेत. कारागिराने कारागीर म्हणूनच संघापुढे यावे, ही त्या समाजाची सहज रीत होती.

येथे कोणी म्हणेल की सुतार, लोहार यांची गोष्ट निराळी, चर्मकाराची निराळी. हा आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर विनयपिटकातच शोधले पाहिजे. भिक्खूंसाठी जे पाचित्तिय नियम आहेत त्यांतील दुसरा नियम अपमानकारक बोलण्याविषयीचा, ओमसवादाचा आहे. सुत्तविभंगात या नियमाचे विवरण करताना माणसास हिणविण्याच्या दहा बाबी सांगितल्या आहेत. त्यांत जात, नाव, गोत्र, काम आणि शिल्प म्हणजे कारागिरी, यांचा समावेश होतो. प्रत्येकीत ‘हीन’ आणि ‘उत्कृष्ट’ काय मानतात याची यादी दिली आहे. हीन जातींत चंडाल, वेण, निषाद, रथकार आणि पुक्कुस येतात. हीन शिल्पांत बुरूड, कुंभार, विणकर, चर्मकार आणि न्हावी येतात.

ही यादी वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. पहिली, चम्मकार तेथे जातींच्या यादीत नाही, शिल्पांच्या यादीत आहे. तो धंदा कमी लेखला जाई, पण त्या धंद्याच्या माणसास जन्माने वेगळे पाडलेले नाही. दुसरी अशी की यादीच्या अखेरीस, निरनिराळ्या जनपदांत जे जे हलके मानतात तेही धरावे, अशी पुस्ती जोडलेली आहे. म्हणजे विनयकारांच्या मते ही हीनता वस्तूत नाही, लोकांच्या मानण्यात आहे. याचा एक गमतीचा पुरावा त्याच जागी मिळतो. गोत्रांच्या यादीत भारद्वाज हे गोत्र हीनांत घातले आहे, आणि गोतम, मोग्गल्लान, कच्चायन, वासिट्ठ ही उत्कृष्टांत! ज्या गोत्राचा अभिमान आजही बाळगला जातो ते एका जनपदात, एका काळी, शिवी म्हणून वापरता येत होते.

आणि हे सारे कशासाठी सांगितले? तर यांतील कोणताही शब्द हिणविण्याच्या हेतूने उच्चारणारा भिक्खू दोषी ठरतो, हे स्पष्ट करण्यासाठी. ज्यास हिणविले तो खरोखरच त्या जातीचा वा धंद्याचा होता, ही सबब चालत नाही. उलट, हीन मानलेल्यास टोमणा म्हणून उच्च म्हटले तरी दोष तोच. जगात काय चालते हे विनय जाणतो, ते लपवीत नाही. संघाच्या सीमेत मात्र त्याचा वापर होऊ देत नाही. विधिकाच्या लेखात तोच शब्द आहे, पण तो दुसऱ्याच्या तोंडी नाही. तो त्याचा स्वतःचा आहे.

चामडे संघास वर्ज्य होते असेही नव्हे. महावग्गात चम्मक्खन्धक नावाचे एक संपूर्ण प्रकरण आहे. सुकुमार सोण कोळिविसाच्या पायांना चंक्रमण करताना जखमा झाल्या, तेव्हा तथागतांनी भिक्खूंना एकपदरी चपला वापरण्याची मोकळीक दिली. त्याच प्रकरणात सोण कुटिकण्ण अवन्ती-दक्षिणापथाच्या वतीने विनंत्या घेऊन येतो. तिकडील भूमी काळी, खडबडीत, गुरांच्या खुरांनी तुडविलेली आहे, म्हणून अनेकपदरी चपलांना अनुज्ञा मिळावी. तिकडे मेंढी, बकरे, हरीण यांच्या कातड्यांची अंथरुणे वापरतात, म्हणून तीही चालावी. दोन्ही मान्य झाल्या. विधिक त्याच दक्षिणापथाचा. तेव्हा या भागातील विहारांत चर्मकाराचा राबता असणे अगदी स्वाभाविक होते. भिक्खूंच्या पायांत त्याच्या हातचे काम होते.

लेखातील आणखी एक शब्द थांबून पाहण्यासारखा आहे : उपज्झाय. विधिकाचा पिता नाग हा उपाध्याय आहे. पालीत हा शब्द प्रव्रज्या-उपसंपदा देणाऱ्या गुरूसाठी रूढ आहे, आणि व्यापक अर्थाने शिक्षकासाठीही. नाग हा मुलाबाळांनंतर प्रव्रजित होऊन उपाध्यायपदास पोहोचला असेल, अथवा गृहस्थाश्रमीच शिकविणारा असेल. कोणताही अर्थ घ्या, एका चर्मकाराचा बाप गुरू आहे आणि मुलास दोन्ही गोष्टी एका दमात सांगावयाच्या आहेत. त्याने आपल्या मुलाचे नावही आजोबांचेच ठेविले आहे.

येथे आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या मनात नाग या नावावरून एक विचार सहज येईल. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेनंतर नागपुरात केलेल्या भाषणात नागलोकांनी धम्माचा प्रसार केल्याचे सांगितले होते. तरी केवळ ‘नाग’ या नावावरून विधिकाचा वंश ठरविण्याचा मोह आवरला पाहिजे. नाग, नागा, नागदत्त ही नावे त्या काळी सर्व थरांत प्रचलित होती. एका नावावर कुळाचा इतिहास उभा राहत नाही. बाबासाहेबांनी स्वतः पुरावा आणि अनुमान यांतील भेद किती काटेकोरपणे पाळला हे ‘द अनटचेबल्स’ या १९४८ च्या ग्रंथाची प्रस्तावना वाचली तरी कळते.

त्याच ग्रंथाशी या लेखाचा दुसरा, अधिक भक्कम संबंध आहे. अपवित्र मानले गेलेले आणि अस्पृश्य हे दोन वर्ग भिन्न आहेत, पहिला धर्मसूत्रांच्या काळापासून दिसतो, अस्पृश्यता मात्र इ. स. ४०० च्या सुमारास उत्पन्न झाली, असा बाबासाहेबांचा सिद्धान्त आहे. त्यावर मतभेद पुष्कळ झाले. विधिकाचा लेख अक्षरांच्या वळणावरून सामान्यतः दुसऱ्या शतकातील मानला जातो. म्हणजे तो या सीमारेषेच्या अलीकडचा. त्यात आपणांस काय दिसते? धंदा हलका मानला जात होता, हे विनयावरून ठाऊक आहे. आणि तरीही त्या धंद्याचा माणूस सहकुटुंब महाचैत्याच्या आवारात येतो, शिल्पकाराकडून पट्ट घडवून घेतो, त्यावर आपले नाव कोरवितो आणि तो पट्ट इतरांच्या पट्टांच्या मेळ्यात बसतो. स्पर्शाचा विटाळ जेथे आहे तेथे हे घडत नाही. एका लेखाने सिद्धान्त सिद्ध होत नाही हे खरे. पण अशा लेखाचे स्पष्टीकरण त्या सिद्धान्तात सहज होते, इतरत्र ते ओढूनताणून करावे लागते, इतके आम्ही जबाबदारीने म्हणू शकतो.

त्याने निवडलेले शिल्पही पाहण्यासारखे आहे. पूर्णघट म्हणजे पाण्याने भरलेला, मुखातून कमळे उमललेला कलश. अमरावतीच्या शिल्पकारांचा हा आवडता विषय. घटाचे पोट गोलाईने फुगलेले, कमळे काही उमललेली, काही मिटलेली, काही देठावर कललेली. लेखात त्यास ‘पुनघटकपटो’ म्हटले आहे. ज्याच्या हाताचे पाणी पुढे शतकानुशतके लोकांनी वर्ज्य मानले, त्या धंद्याच्या माणसाने भरल्या घटाचे दान दिले होते. यापुढे आम्ही काही म्हणू इच्छीत नाही. विधिकास भविष्य ठाऊक नव्हते, त्याने मंगल म्हणून मंगल वस्तू दिली.

पुढील रविवारी आम्ही हे सारे वर्गात मांडले. त्या उपासकांनी ते शांतपणे ऐकून घेतले. दरम्यान त्यांनी ब्राह्मी लिपीचा तक्ता मिळवून लेखातील पहिले शब्द वहीत उतरून काढले होते. तास संपल्यावर ते फळ्यापाशी आले आणि म्हणाले की दगडावर ‘म’ एकच आहे, आपण दोन लिहिलेत. ते बरोबर होते. त्या काळचे लेखनिक जोडाक्षरातील द्वित्त लिहीत नसत. आम्ही ग्रंथाच्या सवयीने ‘चम्मकारस’ लिहिले होते. आम्ही खडू त्यांच्या हाती दिला. त्यांनी आमचे अक्षर पुसून तेथे दगडावर होते तसे लिहिले : चमकारस विधिकस.